खाडे कुणाचे परवडतील?

आमच्या ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावर दुधाचे खाडे लिहिले जातात. नोव्हेंबर 2017 पासून त्याच चौकोनांत मी आणखी खाडे लिहायला लागले. आधी अकरा महिने घरी बाळ सांभाळायला येणाऱ्या मावशींचे, मग वर्षभर पाळणाघरात जाणाऱ्या लेकीचे. मी शिवाजीनगरला एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. आकडा समोर असल्याशिवाय मला कुठलंच मत बनवता येत नाही. ती जुनी कॅलेंडरं मी अजून रद्दीत घातलेली नाहीत.

परवा ऑफिसातली एक मुलगी, सातवा महिना लागलाय तिला, विचारत होती, "ताई, घरी बाई ठेवू की पाळणाघर बघू?" दोन्हींचे फायदे-तोटे तिने मोबाईलमध्ये लिहूनच आणले होते. घरी बाई असली की बाळाकडे एकटीचं पूर्ण लक्ष, पाळणाघरात मुलांची संगत, शिस्त, कॅमेरा. सगळं खरं. पण मी तिला उलट विचारलं, "खाडा झाला की घरी कोण थांबणार?" कारण घरी बाई ठेवली की खाडे बाईचे होतात आणि पाळणाघरात घातलं की खाडे बाळाचे होतात. कुठले खाडे आपल्याला निभावता येतील, ते आधी ठरवायचं. बाकीचे फायदे-तोटे त्यानंतर.

माझा हिशेब सांगते. मावशी अकरा महिन्यांत 31 दिवस आल्या नाहीत. त्यात आठ दिवस गावच्या यात्रेचे, अकरा लेकीच्या बाळंतपणाचे, पाच गौरी-गणपतीचे. म्हणजे 24 दिवस आधी सांगून. "ताई, अचानक व्हतंय" असे फक्त सात. पाळणाघरात मुलीचे पहिल्या वर्षी 37 खाडे झाले आणि त्यातला एकही सांगून आला नाही. सगळे सकाळी थर्मामीटर बघून कळलेले. त्यातले 22 जुलै ते सप्टेंबरमधले. आता आमच्या धंद्यात 31 जुलै म्हणजे रिटर्नची तारीख आणि 30 सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिटची. पावसाळ्यात मुलं नेमकी तेव्हाच पडतात. सर्दी, खोकला, एकदा हात-पाय-तोंडाला फोड. ते फोड आठ-दहा दिवसांत आपोआप जातात, पण तोवर कुठलंही शहाणं पाळणाघर मूल आत घेत नाही, आणि घेऊही नये.

तेव्हा पहिलं काम हे: एका कागदावर तुमची आणि नवऱ्याची वर्षाची रजा लिहा, दोघांचे कामाच्या गर्दीचे महिने लिहा, सासर-माहेरचं कोण किती दिवस येऊ शकतं ते लिहा. आमच्याकडे सासूबाई साताऱ्याहून येतात, पण गुडघ्यांमुळे दुसरा मजला त्यांना महिन्यातून एकदाच चढवतो. नवरा चाकणला आहे, त्याची कंपनीची बस साडेसहाला. पहिले दोन महिने ताप असल्याचं मला सातला कळायचं, तोवर बस वाकड ओलांडून गेलेली असायची. साहजिकच रजा माझी. मग घरात नियम केला, बाळाचा ताप सहाच्या आत बघायचा. मुलीचे खाडे तेव्हापासून आम्हा दोघांत अर्धे-अर्धे वाटले गेले. भांडणही झालं, ते सोडा.

रजेचं गणित

2017 पासून पगारी बाळंतपणाची रजा 26 आठवडे आहे, पहिल्या दोन मुलांसाठी. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आमच्या ऑफिसात 14 माणसं. कमीत कमी दहा माणसांची अट पुरी होत असल्यामुळे रजा मिळाली, पण पाळणाघराची सोय करायची सक्ती 50 माणसांपासून पुढे आहे, त्यामुळे ती नाही. तुमची कंपनी मोठी असेल तर एचआरला लेखी विचारा. तोंडी विचारलं की "बघतो" असं उत्तर येतं. सोय असेल तर दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभाही कायद्यातच आहे.

मी तीन आठवडे आधी घेतले होते, उरले 23. म्हणजे कामावर परतले तेव्हा थोरली पाच महिने आणि थोड्या दिवसांची. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला दुसरं काही द्यायचं नसतं, त्यामुळे काढून ठेवलेलं अंगावरचं दूध वाटी-चमच्याने पाजणारं माणूस हवं होतं. हे दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाहेर चार तास म्हणतात, पण ते 25 अंशांच्या आतलं. एप्रिलच्या पुण्यात ते विसरा, थेट फ्रिज. गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची. बाळाने उष्टं टाकलेलं जपून ठेवायचं नाही. आपल्याला हे माहीत असून उपयोग नाही, सांभाळणारीला पाठ हवं. आमच्या पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी दूध "वाया कशाला घालवायचं" म्हणून चहात गेलं होतं. मावशींनी स्वतःच सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो, म्हणून बरं.

शोध बाळ तीन महिन्यांचं झालं की सुरू करायचा. शेवटच्या पंधरवड्यात शोधायला निघालात तर जे मिळेल ते घ्यावं लागतं.

मावशी कशी निवडायची

मी आधी बाई का ठेवली, त्याचं कारण खारघर. नोव्हेंबर 2016 मध्ये तिथल्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण होतानाचं चित्रण सगळ्या वाहिन्यांवर फिरत होतं. मला तेव्हा तिसरा महिना. पाळणाघर नको, यावर घरात एकमत झालं. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की कॅमेरा तिथेही होताच. कॅमेरा झालेलं दाखवतो, होणारं थांबवत नाही. आणि बंद फ्लॅटमध्ये एकट्या बाईजवळ, बोलता न येणारं बाळ दहा तास, हेही काही कमी जोखमीचं नाही. माझं मत स्पष्ट आहे: घरी बाई ठेवायची तर दिवसातून दोन-तीनदा डोकावणारं दुसरं माणूस पाहिजेच. आजी, समोरच्या काकू, कुणीही. आमच्या समोरच्या आजी साखर मागायला यायच्या. त्यांच्याकडे साखर असायची.

ब्युरोतून बाई मिळते, आणि ती आली नाही तर बदली मिळते, पण दर वेळी नवा चेहरा बाळाला चालत नाही. शिवाय कमिशन. ओळखीतून आलेली बरी: स्वयंपाकाच्या ताई, वॉचमनची बायको, दूध केंद्रावरचे काका, यांना सांगून ठेवायचं. पोलीस व्हेरिफिकेशन आणि आधारची प्रत दोन्हींत घ्यायची. संकोच करू नका. "सगळ्यांचीच घेतो" म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.

मुलाखत मात्र प्रश्न विचारून होत नाही. "लहान बाळ सांभाळलंय का" विचारलं की सगळ्या हो म्हणतात. मी चौघींना सकाळी दहाला, अंघोळीच्या वेळी बोलावलं. एकीने आल्या आल्या सांगितलं, "मोबाईल लावला का पोर गप जेवतं बघा." एकीने बाळाला दोन्ही काखांत धरून वर उचललं, मान मागे गेली. तिसरी मला घरभाडं किती आहे ते विचारत राहिली. चौथ्या भोरकडच्या. आल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली, हातातल्या काचेच्या बांगड्या काढून पदराच्या टोकाला बांधल्या. कोपरापर्यंत हात धुतले. मग तळवे एकमेकांवर चोळत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "हात गार हायेत वो, दचकल ती." मी पगार तिथेच ठरवला. दहा हजार, साडेआठ ते सात, रविवार सुट्टी.

ठरवताना चार गोष्टी तोंडावर बोलून घ्या. काम बाळाचंच: अंघोळ, खाणं, झबली-दुपटी धुणं, वाट्या-चमचे उकळणं. केर-फरशी त्यात घुसडलीत की बाळ पाळण्यात आणि बाई फडक्याशी. महिन्याला दोन पगारी सुट्ट्या. यात्रेच्या तारखा आधी. दिवाळीला एक पगार. त्यांच्या जेवणाचं काय, तेही ठरवा. आपल्या घरात दहा तास असलेलं माणूस कोरडी चपाती खाणार असेल तर त्याचा राग कुठे निघेल सांगता येत नाही. आणि रजा संपायच्या आधी दोन आठवडे त्यांना कामावर घ्या. पहिला आठवडा तुम्ही घरात, दुसऱ्यात रोज थोडं जास्त बाहेर.

मावशींना लिहिता येत नव्हतं, मला तर दिवसभराची नोंद हवी. फ्रिजच्या वर दोन वाट्या ठेवल्या. दूध पाजलं की एकीत एक वाल टाकायचा, शी झाली की दुसरीत एक हरभरा. संध्याकाळी मी मोजायचे. फ्रिजच्या वर अशासाठी, की रांगतं मूल असा दाणा आधी नाकात घालतं. एक दिवस वालाच्या वाटीत दोनच वाल दिसले. मावशी म्हणाल्या, "पोरगी लई किरकिर करतीया, दूध न्हाई घेत." दुसऱ्या दिवशी दात दिसला.

पाळणाघर बघायला कधी जायचं

फोन करून अकराला जाऊ नका. अकराला सगळीकडे गाणी चाललेली असतात आणि मॅडम स्वतः दारात असतात. पाऊण ते दीडच्या दरम्यान, जेवण आणि झोपेच्या सांध्यावर जा, आणि न सांगता जा. आत सोडत नसतील तर तेच उत्तर समजायचं.

आम्ही सिंहगड रोडवर पाच ठिकाणं पाहिली. एका ठिकाणी भिंतींवर सुंदर चित्रं, एसी, सगळं. जेवणं नुकतीच झाली होती. ताई ओळीने मुलांची तोंडं पुसत होत्या. एकच नॅपकिन. पहिल्याचं नाक, दुसऱ्याचं तोंड, तिसऱ्याचं नाक, मग घडी उलटून चौथ्याचं. पाचव्या मुलाने स्वतःच तोंड बाजूला केलं. आम्ही चप्पल घालून निघालो. मुलं आजारी पडतातच, त्याला इलाज नाही, पण नॅपकिनला इलाज आहे.

मग काय बघायचं? मुलांजवळ प्रत्यक्ष किती बायका आहेत ते मोजा. स्वयंपाकघरातल्या आणि काउंटरवरच्या धरू नका. दीड वर्षाच्या आतलं मूल असेल तर एकीकडे चारांपेक्षा जास्त तान्ही नसावीत, हे माझं मोजमाप. एकीचे हात दोनच, हा साधा हिशेब. संडासाच्या दाराला आतून कडी असेल तर ती काढलेली किंवा वर नेलेली हवी. बाल्कनीचं ग्रिल, जिन्याचं फाटक, पाण्याच्या टाकीचं झाकण, सिलिंडर कुठे आहे. कॅमेरा असेल तर फुटेज किती दिवस ठेवतात ते विचारा. मॅडमशी कमी बोला, ताईंशी जास्त: "तुम्ही इथे किती वर्षं आहात?" ज्या पाळणाघरात ताई सहा महिन्यांत बदलतात तिथे मुलांचीही सवय सहा महिन्यांत मोडते.

एक प्रश्न मी सगळीकडे विचारला, "मूल रडायला लागलं तर काय करता?" एका ठिकाणी उत्तर मिळालं, "आमच्याकडे कुणी रडतच नाही." दुसरीकडे एक ताई म्हणाल्या, "पहिल्यांदा कडेवर घेते. नाही थांबलं तर खिडकीपाशी नेते, बस दाखवते. काही वेळा मीच दमते, मग दुसरीकडे देते." तिथे नाव घातलं. फी साडेसहा हजार, प्रवेशाचे पाच हजार वेगळे, सातनंतर दर अर्ध्या तासाला शंभर. वर्षाचे 83 हजार झाले, उशिराचे शंभर-शंभर धरले नाहीत. मावशींना अकरा महिन्यांचे दिवाळीसकट एक लाख वीस हजार दिले होते. पाळणाघर स्वस्त दिसतं खरं, पण त्यात डॉक्टरची फी आणि बिनपगारी रजा मिळवा. आमच्याकडे फरक जवळजवळ पुसला गेला.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये नसलं तरी तीन गोष्टी लिहून घ्या. ताप किती झाला की फोन करणार, औषध चिठ्ठीशिवाय देणार नाही, आणि मुलाला न्यायला कोण-कोण येऊ शकतं. माझा दीर एकदा अचानक न्यायला गेला, तर त्याला वीस मिनिटं दारात उभं केलं. तो चिडला. मी दुसऱ्या दिवशी ताईंना पेढे नेले.

काकूंचं घर

धाकटा फेब्रुवारी 2023 चा. त्याच्या वेळी तिसराच मार्ग धरला आणि मला विचाराल तर एक ते तीन वर्षांच्या मुलाला तो सगळ्यांत बरा, मिळाला तर. आमच्याच गल्लीतल्या काकू, आयुष्यभर बालवाडीत शिकवलेल्या, तळमजल्याच्या दोन खोल्यांत सहा मुलं सांभाळतात. मदतीला एक मावशी. त्याच्या पाचव्या महिन्यापासून वर्षभर घरी बाई होती, मग तो काकूंकडे गेला. सहाच मुलं, त्यामुळे आजारपणं येतात पण साथ म्हणावी अशी नाही: पहिल्या वर्षी खाडे 19.

इथे दोन गोष्टी जपायच्या. घर त्यांचं असतं, तेव्हा घरात आणखी कोण राहतं ते बघायचंच, ओळख कितीही असो. आणि मुलांची संख्या. काकू सहा म्हणाल्या होत्या. जूनमध्ये मी रोज दारातल्या चपला मोजायचे. एक दिवस नऊ जोड भरले. मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "अगं, शाळा सुरू झाल्या ना, दोघं-तिघं दोन तासांसाठी येतात. आठवडाभर बघ, नाही पटलं तर सांग." आठवड्यानंतर मोठ्यांना त्यांनी वेगळ्या खोलीत बसवलं. चपला मात्र मी अजून मोजते.

उशिराबद्दल त्यांचा नियम असा: "सातचे सव्वासात झाले तर मी काय तुझं पोर रस्त्यावर बसवणार आहे? पण रोज नको हं." सिंहगड रोडच्या गर्दीत याची किंमत शंभर रुपयांच्या पुष्कळ वर आहे. काकूंचे स्वतःचे खाडे दिवाळीचे दहा दिवस, लेकीकडे नागपूरला जातात तेव्हा. तारखा दसऱ्यालाच सांगतात.

सवय लावताना घाई करू नका, दहा दिवस धरा. पहिल्या दिवशी तुम्ही तिथेच बसा, तासाभराने दोघंही घरी. मग अर्धा तास बाहेर, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. गुपचूप सटकू नका. मूल मागे वळून बघतं आणि आई नाही, मग पुढचे आठ दिवस ते पदर सोडत नाही. "आई कामाला जाते, संध्याकाळी येते" एवढं म्हणायचं आणि खरंच निघायचं. थोरलीच्या वेळी मी लिफ्टपाशी उभी राहून घड्याळ लावलं होतं. मला वाटलं अर्धा तास तरी रडली. चार मिनिटं झाली होती.

पहिल्या दिवसाची पिशवी आदल्या रात्रीच भरा: दोन जोड कपडे, चार लंगोट किंवा डायपर, घरचं वापरलेलं एक दुपटं (न धुतलेलं, घरचा वास असलेलं), पाण्याची बाटली, स्वतःचा नॅपकिन, डॉक्टरांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. प्रत्येक कपड्यावर मार्करने नाव. मोज्यांवरसुद्धा. धाकट्याच्या कप्प्यात कुणाचा तरी एक निळा मोजा दीड वर्षापासून आहे, आमचा एक पिवळा कुणाकडे तरी असणार.